दवण्याचा काढा, नोबेलचं औषध आणि पेजेतला निळा रंग

चैत्र पौर्णिमा जवळ आली की बेळगावच्या बाजारात दवण्याच्या जुड्या येतात. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जाणारे त्या घेतात, जोतिबाला जाणारेही घेतात. अशाच एका जुडीचा फोटो लावलेला मेसेज खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना ज्या मलेरियाच्या औषधासाठी नोबेल मिळालं ते आर्टेमिसिनिन आपल्या दवण्यात आहे. त्यात पेरॉक्साइड असतं, ते जंतू जाळतं. भाताच्या पेजेत टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब आणि वर काढा घातला की निळा रंग येतो, म्हणजे औषध असल्याचं सिद्ध झालं. मूठभर पाला उकळून पाच दिवस प्या, मलेरिया, डेंग्यू, माकडताप सगळं जाईल. कंपनीच्या गोळ्या कृत्रिम, त्या नकोत.

यातलं पेरॉक्साइडचं वाक्य अर्धं खरं आहे. त्या अर्ध्या खऱ्यावरच बाकीचा डोलारा उभा केला आहे.

«नोबेलचं झाड म्हणजे आपला दवणाच»

दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. औषध ज्यातून काढतात ते आर्टेमिसिया ॲन्युआ, चिनी नाव छिंगहाव. प्रजाती एक, जाती वेगळ्या. वांगं आणि बटाटा दोन्ही सोलॅनम प्रजातीतलेच, पण वांग्याच्या बुडाशी खणून कुणी बटाटे काढत नाही. दवण्याच्या तेलातलं ओळखीचं द्रव्य दवानोन. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे दोनच अणू: एक कीटोन गटात, दुसरा ईथरच्या पाच अणूंच्या कड्यात. दोघे एकमेकांना जोडलेले नाहीत, म्हणजे पेरॉक्साइडचा पूल नाही. दवणा पिकवतात तो देवासाठी, हारासाठी आणि अत्तराच्या तेलासाठी. आर्टेमिसिनिनसाठी ॲन्युआची वेगळी शेती होते. वासावरून तर काहीच ठरत नाही, कारण शुद्ध आर्टेमिसिनिन पांढरे, चवीला कडू, जवळजवळ बिनवासाचे स्फटिक असतात.

मेसेज वाचून कुणी खरं ॲन्युआ शोधायला शिवारात गेलं तर काम आणखी बिघडेल. त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी बारीक कातरलेली असतात, आणि आपल्याकडच्या बांधांवर तशा पानांचं जे हमखास भेटतं ते काँग्रेस गवत. त्यातलं पार्थेनिन हेही आर्टेमिसिनिनसारखं सेस्क्विटर्पीन लॅक्टोनच (१५ कार्बनांच्या सांगाड्याचं द्रव्य), पण पेरॉक्साइड नसलेलं. अंगावर फोड आणि खाज आणणारं तेच. त्याचा काढा पोटात घ्यायची कल्पनाही नको.

«पेरॉक्साइड जंतू जाळतं»

आर्टेमिसिनिनमध्ये पेरॉक्साइड आहे, हे खरं. १५ कार्बन, २२ हायड्रोजन, ५ ऑक्सिजन, रेणुभार २८२.३. त्या पाचांतले तीन ऑक्सिजन एका सहा अणूंच्या कड्यात बसतात (याला ट्रायोक्सेन कडं म्हणतात), आणि त्यातले दोन एकमेकांना थेट जोडलेले. हाच तो पूल. ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध कार्बन-कार्बन बंधाच्या मानाने निम्म्या ताकदीचा किंवा त्याहूनही कच्चा असतो, म्हणून तो आधी तुटतो. हा पूल काढून एकच ऑक्सिजन ठेवला की डीऑक्सिआर्टेमिसिनिन होतं. सांगाडा तोच, पण मलेरियावर परिणाम जवळपास शून्य.

पण जखमेवर फेसाळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं ते दिसेल त्याला जाळत सुटत नाही. मलेरियाचा परजीवी लाल पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो, त्यातून लोह असलेलं हीम मोकळं होतं. त्या फेरस लोहाने पूल तुटतो, कार्बनवर एकटा इलेक्ट्रॉन असलेले मूलक तयार होतात आणि ते परजीवीच्याच प्रथिनांना चिकटतात. म्हणजे पूल तोडणारी किल्ली परजीवी स्वतःच हातात धरून बसलेला असतो. जिथे ही किल्ली नाही तिथे या औषधाचा तो गुणही नाही. डेंग्यू आणि माकडतापाचे विषाणू हिमोग्लोबिन खात नाहीत, त्यामुळे मेसेजमधली ती दोन नावं इथेच गळतात.

«निळा रंग आला, म्हणजे सिद्ध»

मेसेज पुढे जातो तो या फोटोमुळे, म्हणून इथे थोडं थांबू.

पेज म्हणजे स्टार्च. टिंक्चर आयोडीनमध्ये आयोडीन आधीच आहे. दोन्ही एकत्र आले की निळं होणारच, काढा घाला किंवा घालू नका. दुसऱ्या वाटीत नुसती पेज आणि दोन थेंब घेऊन बघा. फोटोत ती दुसरी वाटी नाही.

प्रयोगशाळेतली खरी चाचणी वेगळी. तिथे आयोडीन घेत नाहीत, पोटॅशियम आयोडाइड घेतात. नमुना ग्लेशियल ॲसेटिक आम्लात विरघळवून त्यात आयोडाइडचं ताजं द्रावण घालतात. पेरॉक्साइड असेल तर ते आयोडाइडचं आयोडीन करतं, आणि मग स्टार्च निळा होतो. ही चाचणीसुद्धा फक्त एवढंच सांगते की कुणीतरी ऑक्सिडीकरण करणारं इथे आहे. ते कुणीतरी कोण असू शकतं? उघड्या बाटलीत हवा खाल्लेलं कुठलंही सुगंधी तेल, कारण टर्पीन हवेतल्या ऑक्सिजनने हायड्रोपेरॉक्साइड बनवतात. ब्लीचिंग पावडर टाकलेलं पावसाळ्यातलं नळाचं पाणी, कारण पाण्यातला क्लोरीन मोजायची पद्धत याच तत्त्वावर आहे. फेरिक लोह, नायट्राइट. आणि यातलं काहीच नसलं तरी आम्लात ठेवलेलं आयोडाइड उजेडात हवेने स्वतःहून पिवळं पडत जातं. म्हणून शेजारी कोरा नमुना (तपासायचा पदार्थ न घातलेला) लागतो, आणि रंग किती मिनिटांत आला हे लिहून ठेवावं लागतं. उलट बाजूही आहे. आर्टेमिसिनिनचा पूल कड्यांच्या आत दडलेला असल्यामुळे थंडीत तो सावकाश प्रतिसाद देतो, आणि पाल्यातली फिनॉलं व क जीवनसत्त्व तयार झालेलं आयोडीन परत खाऊन टाकतात. खरा माल असूनही रंग न येणं शक्य आहे. थोडक्यात, ही चाचणी आर्टेमिसिनिन असल्याचं सांगू शकत नाही आणि नसल्याचंही.

मग ओळखायचं कसं? पहिली पायरी सिलिकाची पातळ थराची पट्टी: तिच्यावर द्रावक वर चढताना मिश्रणातली द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. हेक्झेन आणि एथिल ॲसिटेट साधारण ३ ला १, आणि शेजारच्या रेघेवर खात्रीचा मानक नमुना. तो नसेल तर पट्टी चालवूच नये. अतिनील दिव्याखाली (२५४ नॅनोमीटर) ठिपका दिसत नाही म्हणून पट्टी फेकणारे खूप. आर्टेमिसिनिन तिथे दिसतच नाही, कारण त्याच्या रेणूत संयुग्मी (एकाआड एक येणारे) दुहेरी बंध नाहीत. ॲनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्ल फवारून सुमारे ११० अंशांवर तापवलं की गुलाबी-जांभळा ठिपका उठतो. हिरव्या अर्कात क्लोरोफिल आणि मेण पट्टीभर ओघळतात, त्यांना आधी सक्रिय कोळशाने आवरावं लागतं.

असे बंध नसल्यामुळेच अर्क सरळ स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (प्रकाश किती शोषला ते मोजणाऱ्या यंत्रात) घालून काढलेला आलेख आर्टेमिसिनिनचा पुरावा धरता येत नाही. त्यात दिसतात ती फ्लेव्होनॉइडं आणि क्लोरोफिल. मोजायचंच असेल तर नमुना ०.२ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर ५० अंशांवर ३० मिनिटं ठेवतात. त्यातून तयार होणारं द्रव्य २९२ नॅनोमीटरवर दिसतं, आणि ॲसेटिक आम्लाने आम्ल केल्यावर २६० वर सरकतं. अर्ध्या तासात काटछाट केली, पाणतापी (नमुना ठेवायचं गरम पाण्याचं भांडं) ४० वर रेंगाळली किंवा ६० वर गेली की आकडा बदलतो. मानक नमुनाही त्याच पाणतापीत, त्याच वेळी ठेवायचा, आणि वेगळा करायला एचपीएलसीचा (दाबाने द्रव ढकलून घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचा) स्तंभ लागतोच. थेट एचपीएलसी करायची तर २१० ते २१६ नॅनोमीटरवर. नमुना एथिल ॲसिटेटमध्ये असेल तर तिथे द्रावकच सगळं झाकून टाकतो, तो आधी उडवून ॲसिटोनायट्राइलमध्ये घ्यावा.

शुद्ध स्फटिक हाती आले तर खुणा ठरलेल्या आहेत. वितळणबिंदू १५६-१५७ अंश. अवरक्त वर्णपटात लॅक्टोनचा पट्टा १७३७ प्रति सेंटिमीटरच्या आसपास, आणि पेरॉक्साइडशी जोडले जाणारे १११५, ८८३, ८३१ हे पट्टे. यातला लॅक्टोनचा पट्टा एकटा पुरेसा नाही, तसलाच पट्टा काँग्रेस गवताचं पार्थेनिनही दाखवतं. प्रोटॉन एनएमआरमध्ये (चुंबकक्षेत हायड्रोजनचे अणू कुठे आहेत ते वाचणाऱ्या पद्धतीत) ५.८६ पीपीएमला एकटी रेघ येते, दोन ऑक्सिजनांच्या मध्ये सापडलेल्या कार्बनवरच्या हायड्रोजनची. कार्बन वर्णपटात १०५ आणि ९४ च्या आसपास दोन रेघा. वस्तुमान वर्णपटात प्रोटॉन घेतलेला रेणू २८३ ला. एवढं जुळलं की आर्टेमिसिनिन म्हणावं. बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे, तेव्हा वनस्पतीवर गंभीरपणे काम करायचं कुणाच्या मनात असेल तर पेजेच्या वाटीपलीकडचा पत्ता गावातच आहे.

«मूठभर पाला उकळा»

इथे मेसेजला उत्तर देणारेही एक चूक करतात. ते म्हणतात, उकळलं की पेरॉक्साइड मोडतं, म्हणून काढ्यात काहीच उरत नाही. इतकं सरळ नाही. शुद्ध आर्टेमिसिनिन आपल्या वितळणबिंदूपर्यंत बऱ्यापैकी टिकतं, ॲन्युआच्या चहातही ते थोडंफार सापडतं. अडचण आहे ती विरघळण्याची. पाण्यात ते फारच कमी उतरतं. तू योयो यांच्या गटाला चौथ्या शतकातले चिनी वैद्य ग हॉन्ग यांच्या नोंदीतून सुचलं ते उष्णतेबद्दल: तिथे छिंगहाव उकळायला सांगितलेलं नाही, पाण्यात भिजवून पिळायला सांगितलेलं आहे, तेव्हा तापवल्याने गुण जात असावा. त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये त्यांचा १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांच्या मलेरियावर पूर्ण चालला. नोबेल आलं २०१५ साली.

आता हिशेब. चांगल्या वाणाच्या ॲन्युआच्या वाळल्या पानात वजनाच्या १ टक्का आर्टेमिसिनिन धरू, साध्या वाणात त्याहून कितीतरी कमी. ५ ग्रॅम पानात ते जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम. सगळं काही पाण्यात उतरत नाही. आर्टेमिसिनिन एकटं देत असत तेव्हा प्रौढाला दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम द्यावं लागे. शिवाय रक्तातून ते काही तासांत निम्म्यावर येतं. अपुऱ्या मात्रेने ताप उतरतो, परजीवी थोडे उरतात, दोन-तीन आठवड्यांत ताप परत येतो, आणि उरलेले ते औषधाला सरावलेले निघू शकतात. याच भीतीने जागतिक आरोग्य संघटनेने एकट्या आर्टेमिसिनिनवर्गीय तोंडी गोळ्या बंद करायला सांगितलं, भारतातही त्यांच्यावर बंदी आहे. हा हिशेब ॲन्युआचा झाला. दवण्याचा मांडायचीही गरज नाही.

पाण्यात उतरत नाही तर ईथरमध्ये काढू, असं कॉलेजच्या पोरांच्या डोक्यात येतं. डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं, म्हणजे आपल्या एप्रिलच्या दुपारी बाटलीतच. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ओट्यावरून वाहत जाऊन लांबच्या शेगडीवर पेटते. त्याहून वाईट म्हणजे जुनी बाटली. उघडलेलं ईथर हवेने स्वतःचे पेरॉक्साइड बनवतं, आणि ते ईथर उडाल्यावर तळाशी साचतात. बाटली उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहायची, वापरण्याआधी पेरॉक्साइडची पट्टी बुडवून बघायची, कधीही पूर्ण कोरडं होईपर्यंत उडवायचं नाही. झाकणाभोवती पांढरे खडे दिसले तर झाकण फिरवायचं नाही, बाटली हलवायची नाही. खोली बंद करून प्रयोगशाळेच्या जबाबदार माणसाला सांगायचं. पेट्रोलियम ईथर हे नावापुरतंच ईथर, तो हायड्रोकार्बनांचा मेळ आहे. तो असे पेरॉक्साइड करत नाही, पेटतो मात्र तितकाच.

«गोळ्या कृत्रिम, काढा नैसर्गिक»

झाडात हा पूल कसा बनतो ते बघितलं तर ही भिंत टिकत नाही. ॲन्युआच्या पानातल्या डायहायड्रोआर्टेमिसिनिक आम्लावर उजेड आणि ऑक्सिजन पडला की शेवटच्या पायऱ्या विकराशिवायही (एन्झाइमशिवायही) घडतात. कारखान्यात यीस्टकडून आर्टेमिसिनिक आम्ल करून घेता येतं, मग त्यात हायड्रोजन घालतात, रंगद्रव्य आणि दिव्याच्या मदतीने सिंग्लेट (उजेडाने चेतवलेला) ऑक्सिजन चढवतात, मग आम्लाने रेणू उघडून दुसरा ऑक्सिजन आत घेतला की कडं मिटतं. वाट तीच, रेणूही तोच. फरक एवढाच की गोळीत किती आहे ते मोजलेलं असतं.

ताप आल्यावर करायचं ते सोपं आहे. गोव्यात बांधकामावर किंवा सत्तरीत काजूच्या हंगामाला जाऊन आलेल्याला थंडी वाजून ताप भरला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे त्याच दिवशी बोटाचं रक्त द्यायचं आणि कुठे जाऊन आलो ते सांगायचं. ही तपासणी फुकट होते. मलेरियाच्या परजीवीची फाल्सिपॅरम जात निघाली तर आर्टेमिसिनिनवर्गीय औषध जोडीदार औषधाबरोबर तीन दिवस देतात. दुसरी जात, व्हायव्हॅक्स, निघाली तर क्लोरोक्विन आणि पुढे १४ दिवस प्रायमाक्विन, कारण व्हायव्हॅक्स यकृतात झोपून राहतो आणि तिथल्या परजीवीला आर्टेमिसिनिनही हात लावू शकत नाही. तिसऱ्या दिवशी ताप जातो, आणि नेमकं तिथेच अनेकजण प्रायमाक्विन सोडतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ती देत नाहीत. ज्यांच्यात जी-६-पीडी विकर कमी असतं त्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटतात, म्हणून लघवी काळसर झाली तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठायचा.