बारा नाणी आणि बारा डब्या: आपल्या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी तीन वेळा वाचला. आपले आक्षेप चार आहेत. बारा नाणी प्रतवारीसाठी, म्हणजे जाणकारांकडून तपासून, दर्जाचा आकडा घेऊन डबीत सीलबंद करण्यासाठी, आमच्यामार्फत पाठवल्यावर ती सांगितलेल्या मुदतीपेक्षा महिनाभर उशिरा आली. बाराही नाणी विकली तरी प्रतवारीचे शुल्क भरून निघणार नाही, हे आपल्याला कोणीही आधी सांगितले नाही. तीन नाण्यांवर ‘साफ केलेले’ असा शेरा आमच्या हाताळणीमुळे आला. आणि हे सारे आम्ही केवळ सेवाशुल्क मिळवण्यासाठी केले. विलंबाबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. प्रतवारी करणाऱ्या संस्थेकडे काम साचले होते हे खरे असले, तरी तसे आपल्याला फोन करून कळवणे माझे कर्तव्य होते आणि ते माझ्याकडून राहिले. त्याबाबत माझी काहीच सबब नाही.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण ‘कोणीही सांगितले नाही’ हे तीन शब्द मला फार लागले आहेत आणि ते वाचून एखादा नवा संग्राहक आमची पायरी चढणार नाही, अशी भीती वाटते.

आपण प्रथम आलात तेव्हा आपल्या आजोबांच्या पेटीतील बारा नाणी आपण काउंटरवर ठेवलीत आणि मी ती एकेक करून भिंगाखाली पाहिली. मी त्यांचे दोन गट केले. एका बाजूला तीन नाणी ठेवली, दुसऱ्या बाजूला नऊ. ती नऊ नाणी सर्रास मिळणारी आहेत, त्यातील बहुतेक चलनात फिरून झिजलेली आहेत आणि प्रत्येकी जे शुल्क भरावे लागेल ते त्या नाण्याच्या किमतीच्या कितीतरी पट होईल, हे मी आपल्याला तेव्हाच सांगितले होते. ती साध्या प्लास्टिकच्या कॅप्सूलमध्ये ठेवा आणि पाठवायचीच असतील तर फक्त ही तीन पाठवा, असेही म्हणालो होतो. त्यावर ‘आजोबांची आहेत, सगळी एकसारखी दिसली पाहिजेत’ असे आपण म्हणालात. ती भावना मला समजली, म्हणून मी पुढे आग्रह धरला नाही. आम्ही प्रत्येक नाण्यामागे ठराविक सेवाशुल्क घेतो. त्यामुळे नऊ नाणी पाठवू नका असे सांगताना माझेच नऊ नाण्यांचे सेवाशुल्क जात होते. शुल्काच्या लोभाने आपल्याला भरीस घातले, असे आपण लिहिल्यामुळे हे मला जाहीरपणे सांगणे भाग पडत आहे.

शुल्क नाण्याच्या किमतीच्या मानाने कमी का होत नाही, हा प्रश्न आपण अभिप्रायात विचारला आहे आणि तो रास्त आहे. प्रतवारीकार नाणे स्वस्त आहे की महाग, यावर आपले श्रम बेतू शकत नाहीत. दोन किंवा अधिक जाणकार ते स्वतंत्रपणे पाहतात, खरे की बनावट हे ठरवतात, झीज, ओरखडे, ठशाची स्पष्टता आणि चकाकी तपासतात, आणि मग ते अल्ट्रासॉनिक पद्धतीने जोडलेल्या प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन त्यावर क्रमांक चढतो. त्यात जाण्यायेण्याचा विमा आणि टपालखर्च मिळवा. अतिमौल्यवान नाण्यांना शुल्क अधिक असते. पण खालच्या बाजूला एक किमान रक्कम असतेच, आणि स्वस्त नाणे त्या किमान रकमेखाली चिरडले जाते.

ही पद्धत कशासाठी निघाली, हे लक्षात घेतले तर ती कुठे उपयोगी आणि कुठे निरुपयोगी, हे आपोआप कळते. पूर्वी नाण्याची प्रत विक्रेताच ठरवत असे. विकताना तो एक प्रत सांगे आणि तेच नाणे परत विकत घेताना खालची. नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली, पुढे ती इतर नाण्यांनाही लावली गेली, आणि त्यातील ६० व त्यावरचे आकडे चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी राहिले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकेतील प्रतवारी संस्थांनी ग्राहक आणि विक्रेता यांच्यापैकी कोणाशीही हितसंबंध नसलेली तिसऱ्या पक्षाची प्रतवारी व ‘स्लॅब’ म्हटली जाणारी सीलबंद डबी रूढ केली. म्हणजे स्लॅब ही विश्वासाची सोय आहे. ज्या नाण्याबाबत अविश्वासाने मोठे नुकसान होऊ शकते, जिथे ६३ आणि ६५ या आकड्यांमधल्या फरकाने किंमत कित्येक पट बदलते, किंवा जिथे बनावट नाणी सुळसुळाट करतात, तिथे ती सोय आपला खर्च भरून काढते. जे नाणे कोणीही एका दृष्टिक्षेपात ओळखतो आणि ज्याच्या दोन प्रतींमधला फरक खरेदीदाराला जाणवतही नाही, त्याच्या किमतीत डबीमुळे भर पडत नाही. माझे हे मत मी काउंटरवर दर आठवड्याला सांगतो आणि तेच आपल्यालाही सांगितले होते.

तरीही स्वस्त नाण्याला स्लॅब करणे सदासर्वदा मूर्खपणाचे असते, असे मी म्हणणार नाही. एखाद्या संचातील सर्व नाणी एकाच पद्धतीच्या डब्यांत हवी असणे, घरातल्या नाण्याची ओळख पुढच्या पिढीला लेबलवर छापील मिळणे, नवशिक्याने आपली नजर तपासून पाहण्यासाठी चार नाणी पाठवणे, ही कारणे मला मान्य आहेत. फक्त तो खर्च छंदाचा खर्च समजून करावा, विक्रीतून परत येईल या हिशेबाने नव्हे. आपण पाठवताना कारण आजोबांच्या आठवणीचे सांगितले आणि अभिप्राय लिहिताना हिशेब विक्रीचा मांडला. माझी खंत इथे आहे.

आता त्या तीन नाण्यांविषयी. ही तीच तीन आहेत जी मी पाठवण्याजोगी म्हणून वेगळी काढली होती. आपण ती सर्व नाणी विचार करण्यासाठी घरी नेलीत आणि आठ दिवसांनी परत आणलीत. पहिल्या दिवशी या तिघांवर तपकिरी आणि निळसर छटा होती, ज्याला संग्राहक टोनिंग म्हणतात. परत आली तेव्हा ती लखलखीत होती. मी विचारले, तेव्हा ‘फक्त थोडी पुसली’ असे आपण म्हणालात. पुसणे हा शब्द साधा आहे, पण नाण्याच्या बाबतीत तो भयंकर आहे. टाकसाळीत ठसा उमटताना धातू पसरतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. नाणे दिव्याखाली तिरके फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखा जो प्रकाश फिरतो, तो त्या रेषांमुळे. पावडर, टूथपेस्ट किंवा खरखरीत कापड या रेषा घासून टाकते आणि त्यांच्या जागी एकाच दिशेचे बारीक ओरखडे ठेवते. मग नाणे चमकते, पण ती चमक मेलेली असते. अशा नाण्याला संस्था आकडा देत नाहीत. ‘डिटेल्स’ असे लिहून दोष नमूद करतात, डबीत बंद करतात आणि शुल्क परत करीत नाहीत. आमच्याकडे नाणी कडेने धरली जातात आणि मऊ ट्रेवर ठेवली जातात. पहिल्या भेटीत आपल्या परवानगीने काढलेली छायाचित्रे माझ्याकडे आहेत. ती मी इथे टाकणार नाही. आपण येऊन समोरासमोर पाहावीत.

या बाबतीत माझी चूक कुठे झाली, तेही सांगतो. दुसऱ्या भेटीच्या वेळी दुकानात गर्दी होती. चमक बदलली आहे हे मला दिसले होते, पण मी भिंग न काढता पाकीट भरले. मी त्याच वेळी ‘ही तीन आता पाठवू नका’ असे ठामपणे म्हणायला हवे होते. तेवढा दोष माझा आहे आणि त्या तीन नाण्यांचे आमचे सेवाशुल्क मी आपल्याला परत देत आहे. संस्थेचे शुल्क परत मिळवणे माझ्या हातात नाही.

आपल्या अभिप्रायामुळे आम्ही पावतीत काही बदल करणार आहोत. नाण्याची अंदाजे किंमत आणि एकूण खर्च शेजारी शेजारी लिहून त्यावर ग्राहकाची सही घ्यावी, असा विचार आहे. नमुना तयार होत आहे. पाठवण्यापूर्वी नाणी पुन्हा एकदा भिंगाखाली पाहिली जातील आणि विलंब होत असल्यास कळवण्याचीही काही व्यवस्था करू.

एक विनंती उरते. रागाच्या भरात डब्या फोडू नका. आतल्या नाण्यांना त्यामुळे इजा होण्याची शक्यता अधिक. उरलेल्या नऊपैकी एका तांब्याच्या नाण्याला ६४ आकडा मिळाला आहे आणि त्याचा मूळ लालसर रंग बऱ्याच अंशी टिकून आहे. ते तेव्हा झिजलेल्या नाण्यांच्या ढिगात होते आणि मी त्याला कमी लेखले, हे मान्य करतो. डबी हवाबंद नसते, त्यामुळे ओलावा आत पोहोचतो आणि तांबे काळवंडते. ते नाणे सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, आणि आपली इतर सुटी नाणी पीव्हीसीच्या मऊ पाकिटात असतील तर ती आजच बाहेर काढा, कारण त्या प्लास्टिकमधून निघणारी द्रव्ये नाण्यावर हिरवा चिकट थर आणतात. योग्य प्रकारची बारा पाकिटे मी आपल्यासाठी बाजूला ठेवली आहेत. छायाचित्रे पाहायला याल तेव्हा ती घेऊन जा, त्यांचे पैसे द्यायचे नाहीत.

आपला विश्वासू,
दुकानाचा मालक