‘वयामुळे बेडसोअर होणारच’ हे खरे नाही

वृद्धसेवा केंद्रांची बाजू घेणारा एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, होणारच, हवेची गादी दिली की केंद्राचे काम झाले, आणि जखम एका रात्रीत होते, मग दोष कुणाला द्यायचा?

जखम होते ती दाबाने. हाड आणि गादीच्या मध्ये मांस तासन्‌तास चेपले की तिथले रक्त थांबते. म्हणून ती माकडहाड, खुबे आणि टाचा इथेच जास्त दिसते. वयाने कातडी पातळ होते, धोका वाढतो, हे खरे. पण मग कूस जास्त काटेकोरपणे बदलायला हवी. साधारण दर 2 तासांनी, कातडी पाहून त्याआधीही. पाठीशी उशी लावून अंग 30 अंश कलते ठेवायचे. पूर्ण कुशीवर झोपवले की सगळा भार खुब्यावर येतो. उशी पोटरीखाली, टाच अधांतरी. वर सरकवताना ओढायचे नाही, चादरीने दोघांनी उचलायचे. ओल्या डायपरमध्ये राहिलेली कातडी तर लवकर सोलते. खुर्चीत बसवलेल्यांचा मात्र सगळ्यांना विसर पडतो. त्यांच्या बैठकीच्या हाडांवर झोपलेल्यापेक्षा जास्त दाब असतो, त्यांना तासाभराने तरी हलवायलाच हवे.

हवेची गादी दाब कमी करते, कूस बदलत नाही. पंप बंद पडला किंवा वजनाची सेटिंग चुकली की शरीर खाली टेकते. वर दोन-तीन जाड चादरी घातल्या तरी तिचा उपयोग घटतो. गोल रिंगची उशी नकोच, तिच्या कडेने नवा दाब पडतो. लाल जागेवर मालिशही नको.

राहिले ‘एका रात्रीत’. खोल जखम जांभळी होऊन वर दिसते ती बहुधा दाब पडल्यानंतर 2-3 दिवसांनी. म्हणजे चौकशी काल रात्रीची नाही, त्याआधीच्या दिवसांतल्या कामाच्या पाळ्यांची करायची. जखम दिसण्याआधीची खूणही असते: बोटाने दाबून सोडल्यावर लाली फिकी होत नाही. सावळ्या कातडीवर लाली लपते, तिथे ऊब, कडकपणा आणि दुखणे पाहायचे. रोज, आंघोळीच्या वेळी.

अखेरच्या दिवसांत चोख काळजी घेऊनही काही जखमा होतात, हे मान्य. पण ती काळजी कागदावर दिसली पाहिजे. कूस बदलल्याचा तक्ता मागा. आठवड्याच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या दिसल्या, तर तक्त्यावर विसंबू नका, वजनाची नोंदही मागा. महिन्यात 5 टक्के घट असेल, तर खाणेपिणेही कुणी पाहत नव्हते का, हे केंद्राला तिथेच विचारा.