इंद्राणी अप्सरा नव्हती

आज घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत नवरात्रानिमित्त मुलांची वेशभूषा स्पर्धा झाली. तिसरीतील एक मुलगी हातात पुठ्ठ्याचे वज्र आणि काखेत कापडी हत्ती घेऊन आली. निवेदकाने पुकारा केला, "आणि आता इंद्राच्या दरबारातील अप्सरा!" ती बिचारी "मी ऐंद्री आहे", म्हणजे इंद्राणी, असे सांगत होती, पण माईक तोवर पुढे गेला होता आणि मंडळी हसत होती. त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही.

मला आठवली ती वेरूळची सहल. बत्तिसाव्या लेण्याला, म्हणजे 'इंद्रसभे'ला, लोक इंद्राणी म्हणून जी मूर्ती दाखवतात तिच्यासमोर आई बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हिच्या खाली सिंह आणि वर आंब्याचे झाड कसे? इंद्राणीचा तर हत्ती असतो." चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईचे म्हणणे बरोबर होते. ती जैनांची अंबिका यक्षी, तीर्थंकर नेमिनाथांची शासनदेवता म्हणजे रक्षक देवी. खरी इंद्राणी तिथल्याच चौदाव्या लेण्यात सप्तमातृकांच्या, म्हणजे सात मातृदेवतांच्या, रांगेत बसली आहे, आणि तिच्या पायाशी हत्ती आहे.

आता कोणी म्हणेल की तिचे नावच मुळी नवऱ्यावरून पडले आहे. पडले आहे, मान्य. पण वृत्रासुराच्या वधानंतर हा नवरा ब्रह्महत्येच्या भयाने कमळाच्या देठात लपून बसला, तेव्हा स्वर्गाच्या गादीवर आलेल्या नहुषाने गादीबरोबर राणीही आपलीच म्हणून मागितली, आणि ते संकट शचीने, म्हणजे इंद्राणीने, निभावले. तिने मुदत मागितली, लपलेल्या इंद्राला शोधून काढले आणि मग नहुषाला सांगितले की ऋषींनी वाहिलेल्या पालखीतून या. तो आला, वाटेत अगस्त्यांना लाथ मारली आणि अजगर होऊन खाली पडला. महाभारताच्या उद्योगपर्वातील ही कथा ज्यांनी वाचली आहे, त्यांच्या तोंडी 'अप्सरा' हा शब्द येतोच कसा? देवीमाहात्म्यातील ऐंद्री तर वज्र घेऊन, गजराजावर बसून, सहस्र डोळ्यांनी रणात उतरते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात शचीच्या नावावर एक सूक्त आहे. त्यात ती स्वतःला ध्वज म्हणते, मस्तक म्हणते.

निवेदक बँकेतून दमून आलेला, हौसेने राबणारा मुलगा आहे, हेही खरे. मघाशी लिहायला बसले तेव्हा त्याला चार शब्द सुनवायचे ठरवले होते. मात्र वेरूळच्या त्या दुपारी आई कोणावरही रागावली नव्हती. तिने फक्त हत्ती कुठे आहे एवढेच विचारले, आणि मग उन्हातून चौदाव्या लेण्यापर्यंत चालत जाऊन तो पाहिला. दुखऱ्या गुडघ्यांनी, हे मला नंतर कळले. आज त्या मुलीच्या काखेत हत्ती होता आणि आमच्यापैकी एकानेही तो पाहिला नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या मीसुद्धा टाळ्याच वाजवल्या.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना एवढीच विनंती की, त्या मुलीच्या प्रशस्तिपत्रावर 'अप्सरा' असे लिहिले गेले असेल, तर उद्याच्या आरतीपूर्वी ते बदलून 'ऐंद्री' असे करावे. कोरा कागद आणि शाईचे पेन घेऊन मी सात वाजता खाली येते.