‘दोन पोरं, एक खोली’: बेसिक चॅनलची अर्धी गोष्ट

संगीत करणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: “कंपनी नको, दुकान नको. बर्लिनचे बेसिक चॅनल बघा. दोन पोरं, एक खोली, स्वतःचं लेबल. तोंड लपवून गूढ तयार केलं, नऊ रेकॉर्ड काढल्या नि गायब झाले. तुम्हीही लॅपटॉप उघडा.”

बेसिक चॅनल म्हणजे टेक्नो, म्हणजे यंत्रांवर वाजवलेलं नाचाचं संगीत, करणारी जोडी आणि तिचं लेबल. आता मजकुरातलं एकेक घेऊ.

‘दोन पोरं’. 1993 मध्ये लेबल सुरू झालं तेव्हा मॉरित्स फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टुस दोघंही तिशीतले बाप्ये होते. ओस्वाल्ड ‘पाले शाउमबुर्ग’ या हँबुर्गच्या बँडमध्ये तालवाद्यं वाजवून आलेला.

‘दुकान नको’. इथे तर मजकूर तोंडावरच आपटतो, कारण दुकान आधी होतं, लेबल नंतर आलं. अर्नेस्टुसने 1989 मध्येच ‘हार्ड वॅक्स’ उघडलं होतं. डेट्रॉइट-शिकागोच्या रेकॉर्ड मागवायच्या आणि बर्लिनच्या डीजेंना विकायच्या. काय खपतं, कुणाला खपतं, हे गल्ल्यावर बसून कळलेलं. पुढे दोघांनी रेकॉर्ड कापायचं, म्हणजे तबकडीवर आवाजाची खोबणी कोरायचं यंत्रच घेतलं आणि त्यातून ‘डबप्लेट्स अँड मास्टरिंग’ हा कारखाना उभा राहिला. ही चैन नव्हती. बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, जितका जाड, तितकी सुई खोबणीत आडवी डोलते आणि तितकी जास्त जागा खाते. ट्रॅक लांबला की खोबणी एकमेकींना चिकटवून बसवाव्या लागतात, मग आवाज खाली आणावा लागतो. यांचे ट्रॅक लांबलचक, आणि बेस तर जीवच. परक्या कारागिराने ‘बेस कापून टाकतो’ म्हटलं असतं, तर उरलं काय असतं? नुसती खरखर. (ती खरखरही मला आवडते, ती गोष्ट वेगळी.)

स्वतःचं असलं म्हणून सगळं जमतंच असंही नाही. त्यांच्याच ‘चेन रिअ‍ॅक्शन’ या दुसऱ्या लेबलच्या सीडी पत्र्याच्या देखण्या डब्यांत यायच्या, आणि त्या डब्यांनीच सीडींना तडे जायचे.

‘तोंड लपवून गूढ’. मुलाखती ते क्वचितच देत, खरंय. पण गिऱ्हाईक ओढायचं तर माणूस एकच नाव घोटवतो. इथे रेकॉर्डवर नावं सायरस, क्वाड्रंट, ऑक्टॅगन, रेडियन्स... दर थोड्या दिवसांनी पाटी नवी!

‘गायब झाले’. कुठे? 1995 मध्ये इतर कलाकारांच्या रेकॉर्डसाठी ‘चेन रिअ‍ॅक्शन’ निघालं. पोर्टर रिक्स, मोनोलेक हे कलाकार तिथलेच. मग दोघं ‘रिदम अँड साउंड’ या नावाने वाजवू लागले आणि कॅरिबियन बेटावरच्या, डोमिनिकाच्या पॉल सेंट हिलेअरला गायला बसवलं. पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या लॉइड बार्न्सच्या ‘वॅकीज’ या रेगे (जमैकन संगीत) लेबलच्या जुन्या रेकॉर्ड त्यांनी पुन्हा छापून बाजारात आणल्या, आणि हार्ड वॅक्सच्या फळीवर त्या यांच्या स्वतःच्या रेकॉर्डशेजारीच विकायला लागल्या.