ग्लॅमिसला ‘कुठेही’ तंबू ठोकण्याआधी

दर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवडाभर आधी, सॅन डिएगोकडच्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड उगवतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला, त्यातल्या एकाने तर ‘निघायचं का?’ असं विचारून. मजकूर थोडक्यात असा: ‘हॉटेलवर पैसे कशाला घालवता? ग्लॅमिसची वाळू बीएलएमची, म्हणजे पब्लिक लँड, म्हणजे आपल्याच टॅक्सची. कुठेही तंबू ठोका, परवाना नाही, फी नाही. वाऱ्यापासून आडोसा हवा तर टेकडीच्या मागे खोलगटात राहा. एडब्ल्यूडी गाडी आरामात जाते. वाळवंटात काही जगत नाही, त्यामुळे कसली बंधनं नाहीत. केलेला पसारा वारा सकाळपर्यंत पुसून टाकतो. गर्दी नको असेल तर जून-जुलैत जा. तारे असे दिसतात की बस!’

यातलं एक वाक्य खरं आहे, दोन अर्धी खरी आहेत, आणि एक जिवावर बेतणारं आहे.

आधी जागा समजून घेऊ. ज्याला सगळे ग्लॅमिस म्हणतात ते म्हणजे कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या इंपीरियल काउंटीमधले आल्गोडोनेस वाळूचे डोंगर: चाळीसहून अधिक मैल लांब, जेमतेम पाच-सहा मैल रुंद असा पट्टा, काही ठिकाणी 300 फूट उंच. खालचं टोक मेक्सिकोच्या सीमेला भिडतं. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजेच बीएलएम, हे सरकारी जमिनींचं केंद्रीय खातं हा भाग सांभाळतं. 78 क्रमांकाचा महामार्ग पट्टा आडवा कापतो. रस्त्याच्या दक्षिणेला वाळूतल्या बग्ग्या, मोटारसायकली, नुसता गोंगाट. उत्तरेला साधारण 26,000 एकर ‘वाइल्डरनेस’ आहे. 1994 च्या कायद्याने तिथे इंजिन असलेलं काहीही न्यायला बंदी आहे, पायी जायचं. वाळू तीच, वारा तोच, मालकही तोच. मधे फक्त एक डांबरी रस्ता. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एका बाजूला गायरान आणि दुसऱ्या बाजूला देवराई. आणि गायरानालाही नियम असतात हे गावाकडून आलेल्यांना वेगळं सांगायला नको.

‘परवाना नाही, फी नाही.’ हे अर्ध्या सत्यातून आलेलं आहे. बीएलएमच्या पुष्कळ मोकळ्या जमिनीवर खरंच फुकट राहता येतं. चौदा दिवसांची मर्यादा पाळली की झालं. पण या वाळूसाठी 1 ऑक्टोबर ते 15 एप्रिल या हंगामात प्रत्येक मुख्य गाडीमागे परवाना घ्यावा लागतो. तो आधी बाहेरून घेतला तर स्वस्त पडतो, तिथे पोहोचून घेतला तर महाग. आणखी एक गोची: राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही, कारण ही प्रवेश फी नाही, विशेष वापराचा परवाना आहे. पहिल्या खेपेला मी तो पास खिडकीत मोठ्या ऐटीत लावून गेलो होतो. रेंजरने हसून तो परत दिला आणि दुसऱ्या कागदाचे पैसे घेतले.

आता ते जिवावर बेतणारं वाक्य: टेकडीमागे खोलगटात तंबू. वाऱ्याने रचलेल्या टेकडीची एक बाजू सौम्य चढाची असते आणि दुसरी कोसळत्या वाळूची, साधारण 34 अंशांत उतरणारी. सौम्य बाजूने चढणाऱ्याला कड्यापलीकडचं काहीच दिसत नाही, आणि बग्गीला चढायला वेग लागतोच. म्हणून इथे प्रत्येक वाळूगाडीला जमिनीपासून किमान आठ फूट उंच ‘व्हिप’, म्हणजे लवचीक काठी आणि तिच्या टोकाला लाल-नारिंगी झेंडा, सक्तीची आहे. गाडी दिसण्याआधी तिचा झेंडा दिसावा एवढ्यासाठीच. तुमच्या तंबूला झेंडा नसतो. चार फुटांचा तंबू त्या खोलगटात म्हणजे रेल्वेरुळावर अंथरलेली सतरंजी. थँक्सगिव्हिंगला इथे लाखाच्या वर माणसं येतात, आणि रात्रीही गाड्या थांबत नाहीत. राहायचं ते गेको रोडसारख्या ठिकाणी आखलेल्या पक्क्या जागांवर किंवा कडेच्या सपाटीवर. आडोसा हवाच असेल तर स्वतःची गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा.

पूर्वेकडे, रेल्वेलाइनच्या पलीकडे, ‘वॉश’मध्ये मात्र झाडांचा आडोसा मिळतो. पण वॉश म्हणजे ओढ्याचं कोरडं पात्र. दूर डोंगरावर पाऊस झाला तर ते कोरडं राहत नाही. आणि त्याच दिशेने ईशान्येला फार पुढे जाऊ नका. तिथे चॉकलेट माउंटनचं हवाई मारा सरावक्षेत्र आहे, खऱ्या दारूगोळ्याचं. तीही सरकारी जमीनच आहे. ‘आपल्या टॅक्सची’ हा युक्तिवाद तिथे वापरून बघावा असं मी कुणाला सुचवणार नाही.

एडब्ल्यूडीबद्दल, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीबद्दल, फार लिहीत नाही. माझी अडकली होती. पार्किंगच्या कडेपासून वीस पावलांवर, सगळ्यांच्या देखत. चाकं फिरवत राहिलं की गाडी स्वतःची कबर खणते. टायरातली हवा निम्म्यावर आणा, फावडं जवळ ठेवा, नंतर हवा भरायला पंप हवा. भाड्याची गाडी असेल तर करारातली बारीक अक्षरं वाचा. डांबर सुटलं की विमाही सुटतो, असं बहुतेक करारांत असतं.

‘वाळवंटात काही जगत नाही.’ या वाक्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ते पाठवणारे चांगले शिकलेले लोक आहेत. याच वाळूत पिअर्सन्स मिल्कव्हेच नावाची जांभळ्या फुलांची, शेंगा धरणारी वनस्पती आहे. अमेरिकेत ती फक्त या पट्ट्यात उगवते. हिवाळ्याआधी चांगला पाऊस झाला तरच तिचं बी रुजतं, नाहीतर वाळूत वाट बघत पडून राहतं. 1998 मध्ये केंद्र सरकारने तिला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. त्यानंतरच्या कोर्टकचेरीत 2000 साली जवळपास 49,000 एकर वाळू गाड्यांसाठी तात्पुरती बंद झाली. 2013 च्या आराखड्याने त्यातला बराच भाग परत मोकळा केला. तिचा मुख्य अधिवास असलेले सुमारे 9,000 एकर बंदच राहिले. म्हणजे दक्षिणेतही ‘कुठेही’ नाहीच. एका वनस्पतीसाठी एवढं, असं म्हणून बग्गीवाले वर्षानुवर्षं चिडले, आणि त्यांचा राग मला समजतो. कुटुंबंच्या कुटुंबं तीन-तीन पिढ्या इथे येतात. पण ‘काही जगत नाही’ असं त्यांच्यातला जुना माणूसही म्हणत नाही.

आणि बेडूक! होय, वाळवंटात. काउच स्पेडफूट नावाचा हा प्राणी वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली पडून असतो. उन्हाळ्यात वळवाची सर आली की वर येतो, डबक्यात अंडी घालतो, आणि ते डबकं आटायच्या आत, आठवड्याभराच्या आसपास, पिल्लांना पाय फुटलेले असतात. आपल्याकडे मृगाच्या पावसात रातोरात बेडूक ओरडू लागतात तेच, फक्त घड्याळ फार जोरात चालवलेलं. पाऊस आल्याचं त्याला जमिनीच्या थरथरीवरून कळतं असं मानतात. 1980 च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोटारसायकलच्या आवाजानेही तो वर आलेला दिसला. पाणी नाही, पाऊस नाही, नुसताच खोटा गडगडाट. वर उल्लेख केलेल्या पूर्वेच्या झाडांमध्ये पावसाचं पाणी वाळूच्या भिंतीशी तुंबतं, आणि त्याचा संसार तिथेच असतो.

‘वारा सगळं पुसतो.’ पावलं पुसतो, हे मान्य. पण लाकडी पॅलेट जाळलं की राखेत उरतात खिळे, आणि वारा त्यांना आज झाकतो, पुढच्या महिन्यात उघडे पाडतो. कुणाच्या तरी टायरखाली, नाहीतर अनवाणी पोराच्या पायाखाली. म्हणूनच इथे खिळे-स्क्रू असलेलं लाकूड आणायला बंदी आहे, काचेच्या बाटल्यांनाही. निखाऱ्यावर वांगी भाजा, अवश्य भाजा. पण नंतर निखारे वाळूखाली पुरू नका. पुरलेला निखारा तासन्‌तास धगधगत राहतो, वरून काही दिसत नाही. पाण्याने विझवा आणि राख बरोबर घेऊन जा.

शिवाय वाळूची हद्द संपली की वाऱ्याचं पुसणंही संपतं. दुसऱ्या महायुद्धात 1942 ते 44 या काळात याच भागातल्या वाळवंटात रणगाड्यांचं प्रशिक्षण झालं. त्या साखळ्यांचे चरे खडकाळ सपाटीवर अजून दिसतात. उलट 1915 मध्ये याच वाळूवरून मोटारींसाठी फळ्यांचा रस्ता टाकला होता. वाळू तो सारखा गाडायची आणि माणसं सारखा उकरायची. 1926 पर्यंत हे चाललं. उरलेले तुकडे आज कुंपणात जपलेले आहेत. शेकोटीसाठी फळी मिळते का असं तिथे विचारणारे आपले बांधव मी प्रत्यक्ष पाहिले आहेत.

राहिला जून-जुलै. त्या महिन्यांत परवाना लागत नाही, हे खरं, आणि गर्दीही नसते. कारण तापमान 43 अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि शहाणे लोक येत नाहीत. हंगामातही राहण्याच्या जागांवर पिण्याचं पाणी मिळत नाही, मग उन्हाळ्यात तुम्ही अडकलात तर मागून कुणी येईल या भरवशावर राहू नका. 2015 च्या ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला एक फ्रेंच जोडपं अगदी थोडं पाणी घेऊन आखलेल्या पायवाटेने निघालं आणि उन्हाने दगावलं. त्यांचा लहान मुलगा वाचला. पाण्यातला मोठा वाटा त्यांनी त्याला दिला होता. जैसलमेरच्या सम गावाला वाळूत चहा, चारपाई आणि गाणं तयार मिळतं. ते डोक्यात ठेवून इथे येऊ नका.

ताऱ्यांचं वाक्य मात्र खरं आहे. अमावास्येच्या आसपास, जानेवारीत, रस्त्याच्या उत्तरेला तासभर चालत जाऊन बसा, जाड जॅकेट घालून. थँक्सगिव्हिंगला गेलात तर दक्षिणेला तारे कमी दिसतील आणि व्हिपवरचे एलईडी जास्त.