थेंब, टाके आणि तुमचा राग: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बुबुळ (कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) बदलल्यानंतरच्या त्रासांवरचा माझा लेख वाचून तुमच्या आईंनी ऑपरेशनच नको म्हटलं, याचं खरंच वाईट वाटलं. तुमचं म्हणणं असं, की बुबुळात रक्तवाहिन्याच नसतात तर शरीर ते नाकारेल कसं? शिवाय तुमच्या काकांचे ऑपरेशननंतरचे थेंब सहा महिन्यांत बंद झाले आणि माझे चौथ्या वर्षीही चालू आहेत, म्हणजे माझंच काहीतरी बिनसलंय आणि मी सगळ्यांना घाबरवतोय.

पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे. रक्तवाहिन्या नसतात म्हणूनच १९०५ मध्ये, आजची औषधं नसताना, एडुआर्ड झिर्म या नेत्रतज्ज्ञांनी बसवलेलं बुबुळ टिकलं. पण एखादा टाका सैल झाला की त्याच्या वाटेने रक्तवाहिन्या आत शिरतात. आणि त्या नसल्या तरी बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशींवर शरीराची प्रतिकारशक्ती हल्ला करू शकते. त्या पेशी गेल्या की नव्या तयार होत नाहीत.

माझं पूर्ण जाडीचं बुबुळ बदललंय, सोळा टाके. दुसऱ्या वर्षी ऐन गणपतीत ट्यूबलाइटभोवती वलय दिसायला लागलं. डोळा जरासा लाल, पण दुखत अजिबात नव्हता. (बुबुळ कापताना त्यातल्या नसाही कापल्या जातात, त्यामुळे दुखण्यावर भरवसा ठेवता येत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.) घरात पाहुणे, म्हटलं विसर्जन झालं की जाऊ. गेलो तेव्हा शरीर बुबुळ नाकारायला लागलं होतं; डॉक्टर माझ्यावर चिडले आणि दर तासाला स्टेरॉइडचे थेंब सुरू केले. बुबुळ वाचलं. मग त्याच थेंबांनी डोळ्याचा दाब वाढला, तर दाबाचे वेगळे थेंब आले. तेव्हापासून रोज सकाळी चांगला डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयातली तिथी वाचतो. बारीक अक्षर फिसकटलं की त्याच दिवशी दवाखाना.

काकांचे थेंब डॉक्टरांनी बंद केले की काकांनीच, ते तुम्ही लिहिलं नाहीत. डॉक्टरांनी केले असतील तर माझं काहीच म्हणणं नाही. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं.

एक चूक मात्र माझी, आणि ती तुम्ही पकडली नाहीत. सगळ्यांचं ऑपरेशन माझ्यासारखंच असतं अशा थाटात मी लिहिलं. आईंचा फक्त आतला थर बदलणार असतील, तर टाके अगदी मोजके किंवा नाहीतच, आणि शरीराने नाकारण्याचा धोकाही बराच कमी. तिथली कटकट निराळी: थर हवेच्या बुडबुड्याने चिकटवतात, म्हणून सुरुवातीला उताणं पडून राहायचं. थर सुटला तर पुन्हा हवा भरावी लागते. आईंना कंबरदुखी असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि डॉक्टरांना विचाराच, की पूर्ण बुबुळ बदलणार की आतला थर, आणि रविवारी डोळा लाल झाला तर फोन कुणाला करायचा. मूळ लेखात आज रात्री दुरुस्ती टाकतोय.