मामीचे नऊ सेकंद

मामीने गेल्या आठवड्यात उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. पारीला कळ्या पाडताना मागे तुकोबांच्या अभंगाचं एक रेकॉर्डिंग, बरोबर नऊ सेकंद. नऊच का? तर फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो फॉरवर्ड: "दहा सेकंदांच्या आत कॉपीराइट लागत नाही. अभंग तर सगळ्यांचेच. खाली क्रेडिट द्या. तरी क्लेम आलाच तर बिनधास्त डिस्प्यूट करा, समोरचा गप्प बसतो. हजार सबस्क्राइबर झाले की पगार सुरू." दुसऱ्या दिवशी क्लेम, म्हणजे 'हे रेकॉर्डिंग आमचं' असा हक्कदाराचा दावा, आला आणि मामीचा फोन: "अरे, मी मोजून घेतले होते रे!"

हा दहाचा आकडा कुणाच्या डोक्यातून आला कोण जाणे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 काढून वाचा. समीक्षा, संशोधन, चालू घडामोडींची बातमी यांसाठी रास्त वापराची मुभा आहे; सेकंद कुठेही मोजलेले नाहीत. गाण्याबद्दल बोलताना तुकडा वाजवला तर निदान बाजू मांडता येते. मोदकाच्या मागे वाजवला तर काय मांडणार? क्रेडिट दिल्याने परवानगी मिळत नाही, हे तर सांगायलाही नको.

अभंगाचं अर्धं खरं आहे, मान्य. तुकोबांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. मामीने ते पारंपरिक चालीत स्वतः म्हटले असते तर प्रश्नच नव्हता. पण नव्या चालीवर संगीतकाराचा हक्क असतो आणि ध्वनिमुद्रणावर वेगळा, प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. मामीचं 'जुनं' रेकॉर्डिंग कॅसेटच्या जमान्यातलं!

डोकं फिरलं ते 'बिनधास्त डिस्प्यूट करा'वर. नुसत्या कंटेंट आयडी (गाणी आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेमने सहसा चॅनेलला धक्का लागत नाही; बहुतेक वेळा त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, इतकंच. डिस्प्यूट केलात, म्हणजे दाव्याला हरकत घेतलीत, की त्याला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, आणि तो थेट व्हिडिओ उतरवायला सांगू शकतो. मग स्ट्राइक, म्हणजे चॅनेलच्या नावावर ताकीद. 90 दिवसांत तीन झाले की चॅनेलच बंद होऊ शकतं. ज्याच्याकडे परवानगी किंवा दुसरं खरं कारण आहे त्याच्यासाठी आहे ते बटण. मामीने पान उघडूनच ठेवलं होतं, 'माझ्याकडे लायसन्स आहे'वर टिकही केली होती. कसलं लायसन्स? गॅसचं? शेवटी यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायच्या पानावर) जाऊन तेवढ्या भागाचा आवाज बंद केला, क्लेम सुटला. पाच मिनिटांचं काम.

राहिला पगार. जाहिरातीच्या पैशांसाठी 1000 सबस्क्राइबर तर लागतातच, शिवाय 12 महिन्यांत 4000 तास लोकांनी बघितलेलं असावं लागतं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज). मग अर्ज, तपासणी. त्यानंतर मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींतला 55 टक्के वाटा आपला, तोही 100 डॉलर साठल्यावरच बँकेत येतो. मामीचे सबस्क्राइबर 1140 आहेत, तास अजून सातशेही नाहीत. रिंग लाइट मात्र तिने हप्त्यावर घेऊन ठेवलाय.